रेंजवरची सुईमावशी

रविवारी सकाळी पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत दोन तऱ्हेची माणसं शिरायची. खांद्यावर टॉवेल टाकलेली वरच्या मजल्यावर जायची आणि बाकीची जिना उतरून तळघरात. तळघरात रायफल क्लबची रेंज होती. लांबट, बुटक्या छताची, आणि डोक्यावर एवढं पाणी असल्यामुळे बारा महिने ओल धरून बसलेली. जिन्याच्या कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत सगळ्यांच्या आधी उतरायची ती सुईमावशी.

खरं तर ती शिंपीण. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान होतं. पायाचं एक मशीन, मोटरचं एक, चिंध्यांनी भरलेलं पिंप, आणि ‘घाई असेल तर काल यायचं होतं’ अशी एक पाटी. ती नवऱ्याने गमतीने रंगवून दिली होती आणि गिऱ्हाइकांनी कधीच मनावर घेतली नव्हती. रायफलीशी तिचा संबंध आला तो जाकिटांमुळे. नेमबाजीची जाकिटं जाडजूड कॅनव्हासची असतात आणि लहान मुलांच्या मापाची तर दुर्मीळच. क्लबवाले मोठ्यांची जुनी जाकिटं उसवून छोटी करून घ्यायला शिंप्यांकडे फिरले, पण त्या कापडात सुई घालायला कुणी धजेना. हिने घातली. दोन सुया मोडल्या, तिसरी आरपार गेली. पण शिवलेलं जाकीट पोराच्या काखेत अडायला लागलं, तेव्हा ती म्हणाली, "पोरगं उभं कसं राहतं ते मला बघू द्या. त्याशिवाय मला काखेचा अंदाज यायचा नाही." म्हणून ती पहिल्यांदा तो जिना उतरली.

तेव्हाचे सर म्हातारे आणि मिस्कील होते. त्यांनी हवेच्या दाबावर छर्रा मारणारी रायफल तिच्याच हातात दिली. "बाई, एकदा स्वतः धरून बघा. काख आपोआप कळेल."

तिने रायफलीचा मागचा दस्ता खांद्याला लावला, श्वास सोडला, अर्ध्यावर थांबवला आणि चाप ओढला. फट् झालं. समोरच्या कागदावर काळ्या गोलाच्या पार कडेला एक भोक पडलं. नेम काही सांगण्यासारखा नव्हता. पण श्वास धरलेल्या त्या क्षणभरात तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ‘कपडे झाले का’ नाही, ‘आई, माझी वही कुठंय’ नाही, ‘अगं, चष्मा बघितलास का’ नाही. त्या एवढ्याशा शांततेची तिला चटक लागली. जाकिटाचं निमित्त संपलं तरी ती येत राहिली, शिकली, क्लबने परीक्षा द्यायला लावली तर तीही देऊन पास झाली. मग सरांनी अंथरूण धरलं, मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला, आणि क्लबचे चिटणीस दुकानात येऊन म्हणाले, "टेलरबाई, दुसरा माणूस मिळेपर्यंत नवशिक्या मुलांकडे जरा बघाल का?"

तेव्हा तिची लेक प्राथमिक शाळेत होती. आता लेकीचं पोर शाळेत जायच्या वयाचं झालं होतं, आणि दुसऱ्या माणसाचं घोंगडं अजून भिजतच पडलं होतं.

सुईमावशी हे नाव तिला पडलं ते तिच्या शिकवण्याच्या पद्धतीवरून. पहिल्या दिवशी ती कुणाच्याही हातात रायफल द्यायची नाही. मुलांना ओळीने बाकावर बसवायची आणि प्रत्येकाच्या हातात एक सुई आणि एक वीतभर दोरा द्यायची. "ओवा."

आईबापांच्या कपाळाला आठ्या. एक बाप तर तोंडावर म्हणाला होता, "बाई, आम्ही शिवणक्लासला आलोय की रेंजवर?"

"ओवून तर बघू दे त्याला," ती म्हणायची. आणि मग मुलांना, "दोरा भोकात घालताना काय झालं? हात हलला. का हलला? श्वास घेत होतास म्हणून. मग काय केलंस?"

"श्वास धरला."

"दोरा ओढून ताणून घुसवलास का?"

"नाही. हळूच सरकवला."

"झालं तर. चापही तसाच. ओढायचा नाही, सरकवायचा. निम्मी नेमबाजी तुला आली, घरी जाऊन आजीची सुई ओवून दे."

मुलं खूष व्हायची. दुसऱ्या रविवारी उभं राहायचं कसं, पाय किती फाकवायचे, वजन कुठं टाकायचं. तिसऱ्या रविवारी रायफल हातात, पण छर्रा नाही. आणि प्रत्येक रविवारी, काहीही करण्याआधी, जमिनीवरच्या तांबड्या रेघेपाशी उभं राहून तिची शाळा भरायची.

"नळीचं तोंड कुठं?"

"समोर!" सगळे एका सुरात.

"मित्राने हाक मारली तर?"

"तरी समोर!"

"बोट?"

"बाहेर! मावशी सांगेपर्यंत बाहेर!"

"‘थांबा’ कोण म्हणू शकतं?"

"कुणीपण!"

"कुणी गंमत म्हणून ओरडलं तर?"

"तरी थांबायचं! रायफल खाली, नळी उघडी, हात वर!"

"आणि मग?"

"मग मावशी त्याचे कान उपटणार!" यावर ठरलेलं हसू.

हे हसू ती किती वर्षं ऐकत आली होती! मुलं दर वेळी नवी असायची, हसू तेच. चार-पाच महिन्यांत मुलांचा हात बसायला लागला की त्यांना संध्याकाळच्या वर्गाला, मोठ्या सरांकडे पाठवलं जाई. त्यातली काही पुढे बक्षिसं मिळवायची. रेंजच्या भिंतीवर त्यांचे फोटो लागायचे, सरांच्या शेजारी छाती काढून उभी. तिच्या वाट्याला कायम पहिली यत्ता. लेक फोनवर चिडायची, "आई, एका तरी फोटोत तुला उभं करायला नको का त्यांनी?" त्यावर ती म्हणायची, "अगं, फोटोत उभं राहायलासुद्धा अंगात त्राण लागतं."

आणि त्राण खरंच उरलं नव्हतं. त्या वर्षी तर अगदीच नाही. नवरा बाथरूममध्ये पाय घसरून पडला आणि त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक, निवृत्त झालेला. पलंगावर पडल्या पडल्या म्हणायचा, "जन्मभर लोकांना वरखाली नेलं, आता मला पलंगावरून खाली उतरवायला माणूस लागतं." गडी हसवायचा, पण वजनाने भारी होता. सकाळी त्याला उठवून बसवायचं, संडासला न्यायचं, पुसायचं, व्यायामाचे म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले पाय वर-खाली करून घ्यायचे. त्यातच शाळा उघडायचे दिवस, गणवेशांचा ढीग छताला लागलेला. तिचा डावा खांदा रायफलीने नाही, नवऱ्याला आधार देऊन देऊन धरला होता. रात्र थोडी अन् सोंगं फार, अशी गत.

"रविवार तरी सोड," लेक म्हणाली.

"सोडते. ही बॅच होऊ दे."

हे वाक्य तिने आदल्या बॅचलाही म्हटलं होतं.

या बॅचमध्ये सहा मुलं होती. त्यातल्या दोघांचीच गोष्ट सांगायची आहे. एक होता तुडतुड्या. हे नाव त्याच्या आजोबांनीच ठेवलेलं. एका जागी ठरेल तर शपथ. पाचही छर्रे मारून तो दुसऱ्यांची भोकं मोजायला मोकळा. आजोबा निवृत्त पोस्टमास्तर, उंच, बारा महिने तपकिरी स्वेटर घालणारे, आणि जगाला मदत करण्याची त्यांना भारी हौस. कुणाची बुटाची नाडी सुटली तर आजोबा वाकणार, दिवा लुकलुकला तर आजोबा स्टूल शोधणार. "आजोबा, तुम्ही बाकावर बसा," असं तिने गोडीने सांगितलं की बसायचे, आणि पाच मिनिटांत पुन्हा उभे.

दुसरी होती एक नऊ वर्षांची मुलगी. तिला बाकीची मुलं गोगलगाय म्हणायची. तिची आई बेकरीत कामाला, पहाटेची पाळी संपवून बाहीला पीठ लागलेलं असतानाच तिला घेऊन यायची आणि बाकावर बसल्या बसल्या पेंगायची. मुलगी भलतीच सावकाश होती. दस्ता खांद्याला लावायची, काढायची, पुन्हा लावायची. गाल टेकवायची, उचलायची. श्वास सोडायची, आणि मनासारखं झालं नाही तर रायफल खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून. बाकीच्यांचं सगळं उरकलेलं असायचं, हिचा दुसरा छर्रा अजून नळीतच.

"बाई, हिला जमेल का हो?" आईने एकदा कडेला घेऊन विचारलं. "घरी पण असंच आहे. एक मोजा घालते आणि विचार करत बसते."

"घाई कुणाला आहे?" मावशी म्हणाली. बोलायला ठीक, पण मनातून तिलाच होती. घरी नवरा एकटा, शेजारीण तासाभरासाठी येऊन बसलेली, आणि ही पोरगी तिसऱ्यांदा गाल टेकवून उचलते आहे. पोरी, उरक की गं एकदा, असं तिच्या अगदी ओठावर यायचं. ती ते गिळायची. घाई कर म्हणून सांगणारा माणूस रेंजवर नसावा, हे तिला जुन्या सरांनी शिकवलं होतं.

ज्या रविवारी ते घडलं, त्या दिवशी वेगळं असं काहीच नव्हतं. सकाळी नवऱ्याला पुसून, खाऊ घालून ती निघाली. जिना उतरली. दिवे लावले, रायफली मांडल्या, कागद लावले. टार्गेटचे कागद छोट्या चौकटींत अडकवलेले असत आणि चाक फिरवलं की त्या चौकटी तारेवरून समोरच्या भिंतीपर्यंत जात, उलटं फिरवलं की परत येत. जुनी यंत्रणा, अधूनमधून अडायची. अडली की मावशी सगळ्यांना थांबवून, प्रत्येकाची नळी उघडी असल्याचं स्वतः बघून, मग रेघ ओलांडून जायची आणि सोडवून यायची.

शाळा भरली, हसू झालं, मुलं रेघेवर उभी राहिली. "छर्रा भरा. तयार झालं की आपापल्या वेळाने मारा."

फट्. फट् फट्. छर्रे मागच्या लोखंडी पत्र्यावर टण् करून पडत होते. वर तलावात कुणी उडी मारली की छतातून एक जडसा धप् आवाज यायचा. मावशी मुलांच्या मागे फिरत होती. एकाचं कोपर वर केलं, एकाच्या पायात पाय घालून अंतर सारखं केलं. मग पाठ फारच भरून आली म्हणून मधल्या स्टुलावर टेकली. इथून सगळे दिसतात, तिने मनाशी म्हटलं. आणि सगळे दिसतही होते. सहा पाठी, सहा जाकिटं, आणि प्रत्येक जाकिटाची काख तिनेच शिवलेली.

तुडतुड्याचे पाच झाले. त्याने शिकवल्याप्रमाणे रायफल ठेवली, नळी उघडली आणि चाक फिरवलं. चौकट निम्म्या वाटेवर येऊन अडली. त्याने मागे वळून आजोबांकडे पाहिलं. आजोबा उठले. नातवाची रायफल खाली आहे, एवढंच त्यांनी बघितलं. शेजारी कोण काय करतंय, ते बघितलं नाही. रेघेपलीकडे जायच्या वाटेवर बांधलेली कडेची दोरी वर करून ते वाकून आत शिरले, चार लांब ढांगा टाकल्या आणि नातवाच्या चौकटीची तार सोडवायला तिरपे वाकले.

शेजारी गोगलगाय होती. तिच्या नळीत छर्रा होता. गाल टेकलेला, श्वास अर्ध्यावर धरलेला, बोट चापावर आलेलं. नळीच्या टोकावरच्या नेमाच्या कडीतून तिला काळा गोल दिसत होता, आणि तो बघता बघता तपकिरी झाला.

"थांबाऽऽ!"

बारीक, फाटलेला आवाज. खड् खड् करत हातातल्या सगळ्या रायफली खाली, नळ्या उघड्या, सहाही जणांचे हात वर. आजोबा तारेपाशी वाकलेल्या अवस्थेत गोठले. आणि त्या आवाजाने सुईमावशी जागी झाली.

जागी झाली, म्हणजे तोवर ती झोपली होती. हे तिला स्वतःलाच कळायला एक क्षण लागला. डोळे मिटले कधी ते आठवेना. सहा पाठी पाहिलेल्या आठवत होत्या, आणि त्यानंतर थेट सहा जणांचे वर केलेले हात. मधलं सगळं कुणीतरी कात्रीने कापून नेल्यासारखं. मग तिला रेघेपलीकडचा माणूस दिसला.

"आजोबा, आहात तिथेच उभे राहा," ती म्हणाली. आवाज कुठून आला देव जाणे. ती उठली, प्रत्येक रायफल बघितली. गोगलगायीची नळी उघडी होती आणि आत छर्रा चमकत होता. तो तिने काढून मुठीत घेतला. मग म्हणाली, "आता या."

आजोबा आले. चेहरा पांढराफटक, पण तोंड चालूच. "अहो, पोराची अडली होती म्हणून म्हटलं... एवढा बोभाटा कशाला? काही झालं तर नाही ना?"

गोगलगाय तिथेच उभी राहून मुसमुसत होती. हात अजून वरच. "मावशी, मी गंमत नाही केली. खरंच नाही केली. कान नका ना उपटू."

तेव्हा मात्र मावशीला गुडघ्यावर बसावं लागलं. तिने पोरीचे हात हळूच खाली आणले. "नाही गं बाळा. तू अगदी बरोबर केलंस. एकदम बरोबर." आणि मग सगळ्यांना, "आजचं झालं. जाकिटं काढा."

घरी येऊन तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. जेवायला वाढलं, स्वतः ताटापुढे बसली आणि घास फिरवत राहिली. शेवटी तोच म्हणाला, "काय बिघडलंय? मशीन की माणूस?"

"माणूस," ती म्हणाली आणि सांगून मोकळी झाली.

त्याने सगळं ऐकून घेतलं. चेष्टा केली नाही. मग म्हणाला, "माझ्या हाताखाली एक पोरगा होता. दोन पाळ्या सलग करून आला आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरला. दिवा लावायला विसरला नव्हता, दाराशी पाटी लावायला विसरला नव्हता, फक्त वरची लिफ्ट बंद करायला विसरला. वाचला. पण मी त्याला पुन्हा खड्ड्यात उतरू दिलं नाही. वाईट कारागीर नव्हता तो. दमलेला होता."

"मग मी काय करू?"

"मी कोण सांगणारा? माझ्यामुळेच तर दमलीस," तो म्हणाला आणि तोंड भिंतीकडे केलं. यावर तिने त्याला रागाने एक धपाटा घातला, चांगल्या पायावर.

दुसऱ्या दिवशी ती चिटणिसांच्या ऑफिसात गेली. त्यांना आजोबांची हकीकत कळली होती. त्यांनी ठरवूनही टाकलं होतं: त्या आजोबांना रेंजवर बंदी, दोरीच्या जागी कुलपाचं फाटक, विषय संपला.

"दोरीचं सोडा," ती म्हणाली. "मी झोपले होते."

चिटणिसांनी आधी दाराकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "टेलरबाई, हे कुणी बघितलंय का?"

"नाही. सगळे पुढे बघत होते."

"मग झाकली मूठ. तुम्ही इतकी वर्षं केलंत, एक डुलकी लागली. माणूस आहे. आईबापांच्या कानावर गेलं तर रेंजला टाळं लागेल, कळतंय का? आणि तुमचंही नाव खराब."

"नाव खराब झालं तर उसवून नीट करता येईल. गेलेला डोळा नाही करता येणार. आणि त्या मुलीनं चाप सरकवला असता ना, तर ती जन्मभर तेच बघत बसली असती."

"मग काय म्हणणं आहे तुमचं?"

"मी सोडते. आणि यापुढे मुलांच्या मागे दोन मोठी माणसं उभी असल्याशिवाय छर्रा भरायचा नाही. एक बसलं तरी दुसरं उभं असेल."

"दोन कुठून आणू? इथं एक मिळत नाही!" चिटणीस वैतागले. मग सूर बदलून म्हणाले, "असं करू, मी एखादं तरुण माणूस बघतो, आणि तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा. जरा."

ती हसली. इतक्या दमलेल्या माणसाला हसू येतं याचं तिलाच नवल वाटलं. "साहेब, ‘जरा’ हा शब्द माझ्यापुरता संपला."

पण मुलांना न सांगता जाणं तिला बरं वाटेना. पुढच्या रविवारी ती गेली. रायफली कपाटातच ठेवल्या. मुलांना बाकावर बसवलं, आईबापांनाही थांबायला सांगितलं. चिटणीस दारात उभे, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"मागच्या रविवारी मी स्टुलावर बसले आणि मला झोप लागली," ती म्हणाली. "‘थांबा’ मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. हिने म्हटलं."

तिने गोगलगायीकडे बोट केलं. मग तुडतुड्याने विचारलं, "बसल्या बसल्या?"

"बसल्या बसल्या."

"घोरत होतात?"

एकजण फिसकन हसला, मग सगळेच हसले, तीही. पण बाकावरची मोठी माणसं हसली नाहीत. एका बापाने तिथल्या तिथे मुलाचा हात धरला आणि तो जिना चढून गेला. तो गेला याचं तिला वाईट वाटलं, पण राग आला नाही. त्याच्या जागी ती असती तर तीही गेली असती. बेकरीवाली आई मात्र उठून जवळ आली आणि एवढंच म्हणाली, "मी पण तिथेच पेंगत होते, बाई. मला वाटलं होतं, निदान तुम्ही जाग्या आहात." त्यात दोष देणं नव्हतं. पण मावशीने लावून घ्यायचं तेवढं लावून घेतलं.

रेंज महिनाभर बंद राहिली. चिटणीस दोन-तीनदा दुकानावरून गेले, आत आले नाहीत. एके दुपारी पोस्टमास्तर आजोबा आले. आज प्रथमच नुसत्या शर्टावर. हातात पिशवी, पिशवीत तपकिरी स्वेटर.

"हा उसवून याचं काही होईल का बघा," ते म्हणाले. "घालवत नाही आता मला."

तिने स्वेटर हातात घेतला. चांगल्या लोकरीचा होता, कुणीतरी घरी विणलेला. "कुणी विणलाय?"

"बायकोने. ती नाही आता." ते खुर्चीवर बसले. "बाई, खरं सांगा. लागला असता तर काय झालं असतं? छर्रा केवढासा तो."

"पाठीत लागला असता तर काळंनिळं झालं असतं, कदाचित रुतला असता. पण तुम्ही तिरपे वाकला होतात. तोंड वळवलं असतंत तर डोळा गेला असता."

आजोबांनी मान हलवली. "मी घरी जाऊन सुनेला म्हटलं, बाईंनी उगाच नाटक केलं. असं म्हणालो मी." मग म्हणाले, "ती मुलगी कशी आहे?"

"ठीक आहे. तिच्या आईने सांगितलं, दोन दिवस झोपेत दचकत होती. आता नाही."

आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने स्वेटरची घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवली. "हा उसवायचा नाही. ठेवून द्या. थंडी पडली की बघा घालवतो का ते. नाही घालवला, तर तेव्हा आणा."

ते पिशवी घेऊन गेले आणि पुन्हा काही आले नाहीत.

महिन्यानंतर रेंज उघडली. एका शाळेतली कवायतीची शिक्षिका मिळाली, तिशीची, गळ्यात शिट्टी. आणि मदतीला तिचा भाऊ. दोन माणसं मिळत नाहीत म्हणणाऱ्यांना दोन मिळाली. ती शिक्षिका एकदा दुकानात येऊन गेली. पहिल्या दिवशी सुई का देता, असं तिने विचारलं. मावशीने समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली, छान आहे म्हणाली, पण आपण सुई देणार नाही, दुसरा काही व्यायाम घेऊ, असंही स्पष्ट म्हणाली. मावशीला आधी जरा झोंबलं. मग वाटलं, हिला उभं राहायचंय, हिला हवं तसं उभं राहू दे.

आणि गोगलगाय? ती काही मोठी नेमबाज झाली नाही. रेंज उघडल्यावर चार-सहा रविवार गेली, मग एक दिवस जिना उतरायच्या ऐवजी वर चढली आणि पोहायला लागली. पाण्यातही ती म्हणे सावकाशच, पण दम धरून राहायची, कितीतरी वेळ.

सुईमावशीला वाटलं होतं, रविवार मोकळा झाला की थकवा जाईल. पहिल्या रविवारी ती उशिरापर्यंत झोपली आणि उठली ती आदल्या दिवशीपेक्षाही जास्त आंबून. वर्षानुवर्षांचा शीण एका झोपेत कसा जायचा? रविवारी त्या वेळेला तिचे पाय आपसूक दाराकडे वळायचे. चपला घालून ती उंबऱ्यात उभी राहायची आणि मग आठवायचं. नवरा आतून ओरडायचा, "चाललीस कुठं? मला फिरवून आण." तो आता काठी घेऊन चालत होता. मग दोघं कोपऱ्यापर्यंत जायची, बाकावर बसायची, आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चालण्यावर शेरे मारायचा.

थंडीच्या तोंडावर बेकरीवाली आई मुलीला घेऊन दुकानात आली. गणवेशाची बाही लांब करायची होती, पोरगी वाढली होती. मावशीने तिला उभं करून माप घेतलं. मुलीने हात लांब केला आणि तसाच धरून ठेवला, टेप काढून घेतला तरी.

"खाली घे गं. झालं."

मुलीने हात खाली घेतला आणि बराच वेळ मशीनकडे, मग मावशीकडे बघत राहिली. तिच्या सवयीप्रमाणे तिने आधी प्रश्न मनात नीट मांडून घेतला असावा. "मावशी, तुम्ही आता दमत नाही का?"

"दमते की."

"मग काय करता?"

"मग बसते," मावशी म्हणाली. "मशीन बंद करते आणि बसते."

मुलीला हे पटलेलं दिसलं. तिची आई बाहेरच्या पायरीवर टेकली होती आणि तिथल्या उन्हात तिची मान हळूहळू छातीकडे झुकत होती. मावशीने मुलीला खूण करून गप्प राहायला सांगितलं, बाही उलटी केली आणि मोटर न लावता, हातानेच टाके घालायला घेतले.